दोन टनी बॉयलर बदलायचाय: कोळशाचा घ्यावा का, कोळसा अजून किती वर्षं?

मालक, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यांचं सुताचं डाईंग आहे, टॉवेल आणि चादरीचं सूत रंगवतात, पाणी बोअरचं. दोन टनी (तासाला दोन टन वाफ देणारा) बॉयलर जुना झालाय, आतल्या ट्यूबा सारख्या लीक होतात, बदलायचं चाललंय. एक पाहुणे म्हणतात कोळसा दहा वर्षांत बंद होणार, आता कोळशाचा बॉयलर घेतला तर पैसे पाण्यात. कोळसेवाला म्हणतो एनटीपीसीची, म्हणजे सरकारी वीज कंपनीच्या मोठ्या कोळसा प्लांटची, चिमणी धूर सोडतीय तोवर कोळशाला मरण नाही. मधे इलेक्ट्रिक बॉयलरवाला रोज फोन करतोय. म्हणून विचारलंय, कोळसा नक्की किती वर्षं?

मी आधी साखर कारखान्याच्या को-जनला (बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ आणि वीज करतात तिथं) बॉयलरवर होतो, आता बरीच वर्षं डाईंग-प्रोसेसवाल्यांची एनर्जी ऑडिट करतो. बॉयलर विकत नाही आणि कोळसाबी विकत नाही, त्यामुळं मला कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. आणि खरं सांगायचं तर पाहुणे आणि कोळसेवाला दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघं वेगळ्याच चिमणीबद्दल बोलतायत. कोळसा देशातून कधी जाणार हा एक हिशोब, तुमच्या शेडमधून कधी जाणार हा दुसरा. पहिला दिल्लीत ठरतो. दुसरा तुमच्या गिऱ्हाइकावर, प्रदूषण मंडळावर आणि तुमच्या वाफेच्या वापरावर ठरतो आणि माझ्या मते तो बराच आधी येणार.

आधी मोठ्या चिमणीचं सांगतो. 2024-25 मध्ये भारतात कोळशाचं उत्पादन 100 कोटी टनांच्या वर गेलं, पहिल्यांदाच. त्याच्याच पुढच्या जूनमध्ये, म्हणजे 2025 ला, देशाच्या एकूण वीज क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून बाकीच्यांचा झाला, सोलर, वारा, पाणी, अणू सगळं मिळून. लोक एक बातमी वाचून म्हणतात कोळसा वाढतोय आणि दुसरी वाचून म्हणतात कोळसा संपला. दोन्ही खरं आहे कारण क्षमता वेगळी आणि युनिट वेगळं. एक किलोवॉटचं सोलर आपल्या सोलापूरच्या उन्हातसुद्धा दिवसाला चार-साडेचार युनिट देतं, तेवढ्याच क्षमतेचं थर्मल, म्हणजे कोळशाचा प्लांट, चोवीस तास चालवलं तर वीसच्या वर देईल. म्हणून क्षमतेत अर्धा वाटा गेला तरी तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून 70 टक्क्यांच्या आसपास आहे.

पण त्याचं काम बदलतंय, आणि हे बदलणं बातम्यांत नीट येत नाही. आपल्या आहेरवाडी-फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्लांट घ्या, 660 मेगावॉटचे दोन संच, एकूण 1320. दुपारी सगळ्या राज्याचं सोलर धो धो येतं, त्या वेळी असल्या प्लांटला सांगतात लोड कमी करा, आणि संध्याकाळी सूर्य गेला की दिवे, पंखे, कूलर सगळं चालू होतं तेव्हा सांगतात चढवा. सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, कोळसा लांबून रेल्वेनं येतो, भाडं चढतं, आणि वीज घेताना स्वस्त युनिटवाल्याला आधी बोलावतात, त्यामुळं खाणीपासून लांबचे प्लांट रांगेत मागं उभे राहतात. केंद्रीय वीज प्राधिकरणानं 2023 मध्ये नियमच केला की कोळशाचे संच 55 टक्के लोडपर्यंत खाली येऊन चालता आले पाहिजेत, आणि पुढं टप्प्याटप्प्यानं 40 टक्क्यांपर्यंत. ऐकायला सोपं आहे. थर्मलचा संच म्हणजे हायवेला टॉप गिअरमध्ये पळवायला बनवलेला ट्रक, त्याला आता रोज सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंड करत चालवायचंय. कमी लोडला दर युनिटला कोळसा जास्त जळतो, ट्यूबा रोज गरम-गार होऊन थकतात, मेंटेनन्स वाढतो. तरी हे करावं लागणार कारण संध्याकाळची वीज साठवायची सोय अजून कमी आहे. बॅटऱ्या येतायत, पाणी वर चढवून साठवायचे प्रकल्प येतायत (उजनीच्या पायथ्याला 12 मेगावॉटचा उलटा-सुलटा दोन्हीकडं चालेल असा संच कधीचा आहे, कित्येक सोलापूरकरांना माहीतच नाही), पण 12 मेगावॉटनं जिल्ह्याची संध्याकाळ निघत नाही.

लोक इंग्लंडचं उदाहरण देतात. इंग्लंडनं 30 सप्टेंबर 2024 ला शेवटचा कोळशाचा प्लांट बंद केला, बरोबर आहे. पण त्यांच्याकडं समुद्रातला गॅस होता, तो मधल्या पायरीला वापरला. आपण निम्मा गॅस बाहेरून आणतो आणि कच्चं तेल तर 85 टक्क्यांच्या वर. घरचं म्हणावं असं इंधन आपल्याकडं कोळसाच आहे, म्हणून नेट झिरोची (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घ्यायचा) तारीख 2070 ठेवलीय. तेव्हा मोठ्या चिमणीला अजून वीसेक वर्षं तरी काही होत नाही असा माझा अंदाज, काम कमी-कमी होत जाईल पण राहील. एक गंमत सांगतो, आपल्या रेल्वेच्या सोलापूर डिव्हिजनमध्ये औसा रोड-लातूर रोड हा तुकडा फेब्रुवारी 2023 ला विजेवर आला आणि सगळी मध्य रेल्वे ब्रॉडगेजवर शंभर टक्के इलेक्ट्रिक झाली. डिझेल गेलं. पण ती वीज बऱ्यापैकी कोळशाची, आणि तीच इंजिनं कोळशाचे डबे ओढतायत. एनर्जी ट्रान्झिशन म्हणतात ते हे असलं असतं, एका टोकाला सुटतं आणि दुसऱ्या टोकाला गाठ बसलेली असते.

आता तुमची छोटी चिमणी. तुमच्या कोळसेवाल्याचं इथं चुकतं. आपल्या देशात कारखान्यांचा कोळसा जिथं जिथं बंद झाला तिथं तो हवामान बदलाच्या परिषदेनं झाला नाही, गावच्या धुरामुळं झाला. दिल्लीच्या आसपासच्या एनसीआरमध्ये 1 जानेवारी 2023 पासून कारखान्यांना कोळसा बंद केला, आणि थर्मल प्लांटना मात्र सूट. नीट बघा, मोठ्याला सूट, छोट्याला बंदी. कारण सरळ आहे, मोठ्या प्लांटला राख पकडायचं ईएसपी असतं, चिमणी उंच असते, आणि तो बंद केला तर अंधार होतो. दोन टनी बॉयलर बंद केला तर फक्त मालकाच्या डोळ्यापुढं अंधार होतो. आणि सोलापूर हे केंद्राच्या हवा सुधारण्याच्या कार्यक्रमात, एनकॅपमध्ये, हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत आहे. उद्याच बंदी येणार असं मी म्हणत नाही. पण यादीतल्या शहरात बसून पंधरा वर्षांची मशिनरी एकाच इंधनावर घेणं मला पटत नाही.

मोरबीचं बघा. गुजरातमधलं टाइल्सचं गाव. तिथं 2019 मध्ये हरित लवादानं कोळशाचे गॅसिफायर (कोळशापासून भट्टीसाठी गॅस करणारी यंत्रं) बंद केले, सगळे पाइप गॅसवर गेले. मग 2022 ला युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅसचा रेट असा चढला की लोकांनी भट्ट्या थांबवल्या आणि ज्यांना जमलं ते प्रोपेनवर गेले. म्हणजे तीन-चार वर्षांत तीन इंधनं. ज्याची भट्टी दोन्ही घेत होती तो तगला. मोरबीवरनं मी एवढंच घेतो की कुठलं इंधन जिंकणार यावर पैज लावायची नाही, इंधन बदलता येईल अशी सोय ठेवायची.

आता इलेक्ट्रिकचं, कारण तो माणूस तुम्हाला रोज फोन करतोय. साधा हिशोब मांडतो, रेट तुमचे टाका. एक टन वाफ करायला, फीडचं (बॉयलरला जाणारं) पाणी 60 डिग्री धरलं तर, साधारण 6 लाख किलोकॅलरी लागतात. एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी. म्हणजे एक टन वाफेला 700 च्या वर युनिट. तुमचा बॉयलर दोन टनी, पूर्ण लोडला 1400 किलोवॉट होतात. मालक, तुमच्या अख्ख्या शेडचा मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा आणि मग त्या माणसाला परत फोन करा. एचटी (जास्त दाबाचं) कनेक्शन, ट्रान्सफॉर्मर, डिमांड चार्जेस (मंजूर लोडवरचा आकार) हे त्याच्या कोटेशनमध्ये नसणार. समजा वीज 9 रुपये, तर टनाला सहा हजारांच्या वर. कोळसा 4500 कॅलरीचा (किलोला 4500 किलोकॅलरी), बॉयलरची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर 190 किलो लागतो, पोच 8 रुपये किलो धरला तर दीड हजार. चौपट फरक आहे. सोलर लावू म्हणाल तर आठ तास, तासाला टनभर वाफ काढायला सव्वा लाख चौरस फुटाच्या वर पत्रा लागेल.

आणि हे ऐकून कित्येकांना धक्का बसतो, पण इलेक्ट्रिक बॉयलरनं आज धूर कमी होत नाही, फक्त जागा बदलते. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागं साधारण पाऊण किलोच्या जवळपास, 0.72 वगैरे, कार्बन डायऑक्साइड निघतो. 700 युनिटला 500 किलो. तोच टन वाफ तुम्ही शेडमध्ये 190 किलो कोळसा जाळून काढली तर सव्वातीनशे किलोच्या आसपास. म्हणजे फताटेवाडीला कोळसा जाळून त्याची वीज करून ती तारेनं आणून परत पाणी उकळायचं, यात मधेच दोन तृतीयांश उष्णता गेलेली असते. ग्रिड स्वच्छ होत जाईल तसा हा हिशोब फिरेल, दहा वर्षांनी मीच तुम्हाला उलटं सांगेन. पण आज नाही.

मग वीज काहीच कामाची नाही का? आहे, आणि इथं तुमच्या धंद्याचा फायदा आहे. सुताला रंग चढवायला तुम्हाला किती डिग्री लागते? कॉटनला रिॲक्टिव्ह रंग 60 ला, काही शेड 80 ला. स्कावरिंग-ब्लीचिंग (रंगाआधी सूत धुऊन पांढरं करणं) 95 च्या आसपास, शेवटचं सोपिंगबी (जादा रंग धुऊन काढणं) तसंच. पॉलिस्टर असतं तर 130 लागलं असतं, पण तुमचं कॉटन आहे. म्हणजे 60-80 डिग्रीचं पाणी करायला तुम्ही 170 डिग्रीची वाफ जाळताय. ही कोमट कामं हीट पंपला द्या. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली किंवा तुमच्याच सांडपाण्यातली ओढून आणतो, त्यामुळं एका युनिटमध्ये तीन युनिटांची उष्णता मिळते, हवा किंवा सांडपाणी पुरेसं गरम असेल तर. मघाच्याच हिशोबात 700 च्या जागी 235 युनिट. खर्च कोळशाच्या जवळ येतो आणि कार्बन निम्म्यावर. वर छताचं सोलर असेल आणि पाणी दिवसा तापवून टाकीत ठेवलं तर कोळशापेक्षा स्वस्त पडू शकतं, शिवाय आता टीओडीत (वेळेनुसार वीजदरात) दिवसाच्या विजेला सवलत आणि संध्याकाळी जादा आकार आहे. टाकीला इन्सुलेशन मात्र पाहिजे. नुसती सिंटेक्सची काळी टाकी ठेवून भागत नाही. पण तुमचं काम रात्रपाळीला जास्त असेल तर हा सगळा हिशोब ढिला पडतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

ड्रायरला मात्र वाफच लागणार. म्हणून बॉयलर पूर्ण जाणार नाही, लहान होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. ट्यूबा का लीक होतायत? तुम्ही बोअरचं पाणी लिहिलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, पाणी हलकं करायचा सॉफ्टनर असतो पण त्यातलं क्षार धरणारं रेझिन कधी बदललं ते कुणाला आठवत नसतं, रेझिन धुवायला मीठ मारायचं फायरमन मामांच्या सवडीनं चालतं. क्षार आत बसतात, ट्यूब जास्त तापते, फुगते, फाटते. कारण हे असेल तर नवा बॉयलर कुठल्याही इंधनाचा आणा, तीन वर्षांत तेच. आधी पाणी तपासा, जुन्याला री-ट्यूबिंग करून (ट्यूबा नव्या घालून) बॉयलर इन्स्पेक्टरकडनं पास होतंय का विचारा, कवच चांगलं असेल तर दोन-चार वर्षं सहज मिळतात. आणि ही दोन-चार वर्षं आत्ताच्या काळात लाखमोलाची आहेत, कारण बॅटरी, हीट पंप, वीजदर, सगळंच हलतंय.

दुसरं, कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी. गेल्याच सीझनला एका डाईंगमध्ये गेलो होतो. मागच्या भिंतीला गटारातनं नुसती वाफ उठत होती, ड्रायरचं कंडेन्सेट सरळ गटारात, हात घालायची सोय नाही इतकं गरम. आणि त्याच भिंतीच्या अलीकडं फीडची टाकी, तिच्यात गार पाणी, 30 डिग्री. मालकांना कोळशाच्या भावाची चिंता. फीडचं पाणी दर 6 डिग्रीनं गरम मिळालं की इंधन साधारण एक टक्का वाचतं, 30 चं 85 केलं तर नऊ टक्के, खर्च काय तर पाइप, एक पंप आणि टाकीला ग्लासवूलचं आवरण. ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) अडकलेले असतील तर ते वेगळंच. आणि हायड्रोमधून (गरगर फिरवून पाणी काढणारं मशीन) सूत नीट पिळून न काढता ओलंचिंब ड्रायरला घातलं की ड्रायर वाफ पिणारच, पाणी फिरवून काढणं उकळून काढण्यापेक्षा कधीही स्वस्त. ही कामं केली की बऱ्याच ठिकाणी दोन टनी बॉयलरची गरजच राहत नाही, दीड टनात भागतं. आधी गरज कमी करा, मग बॉयलरची साइज ठरवा. उलटं केलं की विकणाऱ्याचं भलं होतं.

बगॅस आणि ब्रिकेटबद्दल (शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या) कुणीतरी खाली लिहिलंय की सोलापुरात एवढे साखर कारखाने, बगॅस जाळा की. मीबी कारखान्यातूनच आलोय म्हणून सांगतो, बगॅस कारखान्याच्या को-जनलाच लागतो, गाळप हंगामात स्वस्त मिळतो आणि पावसाळ्यात रेट तोंडाला येतो. ओला असतो, अर्धं पाणीच, कॅलरी बावीसशेच्या आसपास, जागा भरपूर खातो, आग लागायची भीती. ब्रिकेट बरं, साडेतीन हजारांच्या वर कॅलरी, पण तिथंसुद्धा स्पर्धा आहे, कारण 2021 च्या केंद्राच्या धोरणानं मोठ्या थर्मल प्लांटनाच कोळशात पाच टक्के बायोमास मिसळायला सांगितलंय. एनटीपीसीएवढा गिऱ्हाईक बाजारात उतरल्यावर आपल्या दोन टनाला कोण विचारतो. तरी ब्रिकेट चालू शकेल अशी जाळी आणि फीडिंग असलेला बॉयलर घ्या, मल्टिफ्युएल म्हणतात तो. थोडा महाग पडेल, पण उद्या कोळशावर नोटीस आली तर मशीन भंगारात जाणार नाही. सोबत धुळीसाठी बॅग फिल्टरची जागा आत्ताच सोडा, नंतर शेड पाडून बसवावी लागते. गॅसचं म्हणाल तर पाइप तुमच्या गल्लीत आलाय का आणि लेखी रेट किती, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय त्यावर वेळ घालवू नका.

अजून एक गोष्ट ठरवणारी आहे, माल कुठं जातो. लोकल बाजार आणि पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानदारांना जात असेल तर कोळशाबद्दल कुणी विचारणार नाही. पण टॉवेल एक्सपोर्टला जात असेल, अगदी दुसऱ्या एक्सपोर्टरचं जॉबवर्क असलं तरी, तर गोष्ट वेगळी. युनोच्या फॅशन चार्टरवर (कपड्यांच्या ब्रँडांचा कार्बन कमी करायचा करार) सह्या केलेल्या ब्रँडांनी सप्लायरकडचा कोळसा 2030 पर्यंत घालवायचं आणि नवीन कोळशाचे बॉयलर नकोत असं मान्य केलंय. त्यांचा ऑडिटवाला येतो तो आधी बॉयलर हाऊसमध्ये जातो. युरोपचा कार्बनचा सीमाकर सध्या कापडाला नाही, स्टील, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खत असल्यांना आहे, तेव्हा त्या नावानं कुणी घाबरवत असेल तर घाबरू नका. गिऱ्हाइकाची अट मात्र करापेक्षा कडक असते, कर भरता येतो, ऑर्डर गेली की गेली.

पाहुण्यांना एक सांगा. जाळणं कमी झालं तरी कोळसा-तेल तुमच्या धंद्यातून पूर्ण जाणार नाही. तुम्ही जो रिॲक्टिव्ह रंग वापरता त्याचा कच्चा माल बेंझिन, नॅफ्थलीन, हे पेट्रोलियम आणि कोलटारमधूनच येतं. पॉलिस्टरचा धागा तेलाचा. होटगीच्या सिमेंटमधल्या क्लिंकरचं (चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ माल) तर इंधन बदललं तरी चुनखडी तापवताना त्या दगडातूनच कार्बन निघतो. या जागांचा पर्याय सगळ्यात शेवटी येईल. सगळ्यात आधी जाईल ते 60 डिग्रीच्या पाण्यासाठी जाळलेलं इंधन, कारण तिथं पर्याय आजच उभा आहे.

तर माझ्या मते तुमचा क्रम असा. पाणी आणि ट्रॅप या महिन्यात, री-ट्यूबिंगचं इन्स्पेक्टरला विचारून, कोमट पाणी दिवसपाळीपुरतं हीट पंपवर, आणि त्यातूनही बॉयलर घ्यायचाच झाला तर लहान, मल्टिफ्युएल, ज्याचे पैसे चार-पाच वर्षांत सुटतील असा. त्याच्यापुढचं कर्ज कोळशावर काढू नका.

आता मला हे लिहून पाठवा: फीड टाकीचं तापमान सकाळी आणि दुपारी किती, सॉफ्टनरच्या पुढच्या पाण्याची हार्डनेस किती, महिन्याला कोळसा किती टन आणि सूत किती किलो निघतं, पाळ्या किती, बिलावरचा मंजूर लोड, आणि माल एक्सपोर्टला जातो का. कोळशाचं बिल देताना त्यावर कॅलरी लिहिलेली असेल तर तीही, नसेल तर पुढच्या गाडीचा नमुना लॅबला द्या, बिलावर 4500 आणि गाडीत 3800 हे आपल्याकडं नवीन नाही. एवढं आलं की साइज सांगतो.